दोन नंबरची नळी

आमच्या घरी गोळ्या ओतायचं काम गुरुवारी असे. निजामाच्या राज्यात शुक्रवारी कचेऱ्या बंद, म्हणून बंदुकीच्या नेमबाजीचा दिवस शुक्रवार. आणि शुक्रवारी माझा उपास, त्या दिवशी मी शिशाला शिवत नसे. गुरुवारची पूजा आटोपली, तुळशीला पाणी घातलं, की परसातली वेगळी चूल पेटवायची. लोखंडी कढईत शिसं, त्यात बोटाच्या पेराएवढं कथील. वितळलं की मेणाचा खडा टाकायचा. भक्कन जाळ होतो, मळ वर येतो, तो झाऱ्यानं काढायचा. मग पळीनं साच्यात ओतायचं. साचा सांडशीसारखा, दोन्ही पाती मिटली की आत एका गोळीपुरती जागा. मनात अकरापर्यंत मोजून पाती उघडायची. गोळी ओल्या गोणपाटावर पडते आणि चर्र करते.

विकतच्या गोळ्यांवर ह्यांचा विश्वास नव्हता, आणि शिशाच्या धगीपाशी उभं राहिलं की ह्यांचा हात दुसऱ्या दिवशी कापे. म्हणून ते काम माझ्याकडं आलं. माझा हात स्थिर आहे. लाख वातींचा नेम धरला होता मी. रोज वाती वळता वळता बोटं शहाणी झाली.

ह्यांचा म्हणजे खजुरीच्या अंकुशराव पाटलांचा. लिहिताना नाव घ्यावं लागतं, म्हणून एकदा घेतलं.

बंदूक जर्मन बनावटीची. शिकारीची नव्हे, तिनं जन्मात एक तितर मारला नसेल. ती कागदावरच्या काळ्या ठिपक्यासाठी. शहाबादकडं यंत्रं बसवायला आलेला एक साहेब मायदेशी परतताना ती ह्यांना देऊन गेला. ते मी पाहिलेलं नाही. माझं लग्न त्याच्यानंतर चार वर्षांनी, फसली तेराशे चव्वेचाळीस साली झालं. तोवर मी करजगीला माहेरी होते आणि बंदूक हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे.

तिची पेटी सागवानी, आत हिरव्या बनातीचं लोकरी अस्तर. अक्रोडी दस्ता एक आणि नळ्या दोन, आठ पैलूंच्या, बुडाशी एक आणि दोन असे आकडे कोरलेले. खालच्या अंगाला किल्ली फिरवली की एक नळी सुटून हातात येते आणि तिच्या जागी दुसरी बसते. सांध्यावरून नख फिरवलं तरी अडकत नाही. चाप दोन. पहिला ओढला की दुसरा तयार होतो, आणि तयार झालेला दुसरा श्वासानंही सुटतो. ह्यांनी मला एकदा रिकाम्या बंदुकीचा तो चाप ओढून बघायला सांगितलं होतं. मी ओढू म्हणेपर्यंत तो सुटला होता.

नळी बदलली की बंदूक नवी, असं हे म्हणत. मग तिला पुन्हा तपासायचं. वाळूच्या पोतडीवर टेकवून, काहीही न हलवता, एका कागदावर पाच गोळ्या. पाच भोकं जितकी जवळ, तितकी नळी खरी. कागद शंभर पावलांवर, मळ्याच्या बांधाला. कागदाच्या खाली खड्ड्यात इरप्पा बसे. गोळी लागली की तो बांबूच्या टोकावरची पांढरी चकती भोकावर धरून दाखवी. इरप्पा ह्यांच्या वडिलांपासून घरात, मूळचा कन्नड बोलणारा, थोडक्या बोलण्याचा माणूस. मळा घरामागंच, भोवती निवडुंगाचं दाट कुंपण. शुक्रवारी तिकडं कुणी फिरकत नसे, त्यामुळं माझा पडदा मोडत नव्हता.

ह्यांच्या डाव्या हाताला दुसरी चटई. तिच्यापुढं तिपाईवर दुर्बीण. गोळी सुटली की दुर्बिणीतून बघायचं आणि भोक कुठं पडलं ते सांगायचं. त्या चटईवर मी तीन वर्षं बसले. आठवडाभर हे माझ्याशी चार शब्द बोलत नसत. वाईट वागत नव्हते, बोलत नव्हते. शुक्रवारी तेवढं, पुन्हा पुन्हा, "कुठं लागली?" हे मला विचारलेलं असे. मला तेवढं पुरत होतं. पुरत नव्हतं खरं. पण तेवढंच होतं.

आता टाकाचं सांगते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक घातला. पहिली गेलेल्या घरात दुसरी आली की घालतातच. अंगठ्याच्या नखाएवढा पातळ पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाई: डोळ्यांचे दोन ठिपके, खांद्यावर पदर, पायाशी एक रेघ. ती म्हाळसा. ह्यांची पहिली बायको, मुडबीची लेक, तीन दिवसांच्या तापानं गेलेली. सासूबाई म्हणाल्या, "हिला अक्का म्हणायचं. कुंकू आधी हिला, मग तुला. घास आधी हिला, मग तुला. खंडोबाची सुदिक पहिली म्हाळसाच, बाणाई मागून आली. देवाघरी चालतंय ते तुला चालंल."

सासूबाई त्याच वर्षी गेल्या. त्यांनी सांगितलेला नेम मी एक दिवस चुकवला नाही. आंघोळ झाली की टाक तळहातावर घ्यायचा, पाण्यानं धुवायचा, गंध, कुंकू, मग आरशात बघून मला. जेवताना पहिला घास पानाच्या कडेला. नवी साडी आली तर तिचा पदर आधी टाकाला लावायचा. व्रतं मी आवडीनं करते. हे मात्र मी दात मिटून करत होते, आणि देव ते बघत होता.

कारण ट्रंक. ह्यांनी तपासलेला प्रत्येक कागद तारीख घालून ट्रंकेत ठेवलेला असे. पहिल्याच पावसाळ्यात कागदांना ऊन दाखवायला मी ते बाहेर काढले. खालच्या थरातल्या कागदांवर भोकांशेजारी कुंकवाचं बोट होतं. सगळ्यांवर नाही, जिथं पाचही भोकं जवळ होती तिथं. इरप्पाला विचारलं. तो म्हणाला, ती वैनीसाबांची खूण. चांगला नेम जमला की त्या कपाळाचं कुंकू बोटाला घेऊन कागदाला लावायच्या आणि मालक हसायचे. त्याच्या तोंडी म्हाळसा म्हणजे वैनीसाब. मला तो धाकट्या वैनी म्हणे. बोटाची खूण तिरकी का, तर त्या डावऱ्या होत्या. पूजेला डावा हात पुढं जायचा म्हणून सासूबाई रागावत; मग त्या पूजेपुरता डावा हात पदरात बांधून ठेवायच्या. दोन नंबरची नळी त्यांची. तिची गोळी हलकी, धक्का कमी. मालकांनी त्यांना त्या नळीवर नेम शिकवला. त्या गेल्या तशी ती नळी मालकांनी त्यांच्या खणाच्या चोळीत गुंडाळून पेटीत ठेवली ती ठेवलीच.

कुंकू लावलेले कागद मी मोजले. चौऱ्याण्णव. माझ्या वेळच्या कागदांवर काही नव्हतं. मला ते सुचलं नव्हतं, आणि आता लावलं असतं तर ते उष्टं झालं असतं.

तिसऱ्या वर्षी आषाढात गुलबर्ग्याहून पत्र आलं. दसऱ्यानंतर तिथं नेमबाजीची शर्यत होणार होती. सरकारी अंमलदार, जहागीरदार, सगळे येणार. ह्यांनी एक नंबरची नळी तपासली तर पाच भोकं लिंबाएवढ्या जागेत पसरली. पुढच्या शुक्रवारी आवळ्याएवढी, त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा लिंबाएवढी. नळी आतून झिजली होती. नागपंचमी झाली आणि ह्यांनी दोन नंबरची नळी चोळीतून बाहेर काढली. चोळीची घडी त्यांनी स्वतः घातली, मला घालू दिली नाही.

त्या शुक्रवारी चार गोळ्या एका भोकात गेल्या. पाचवी दोन बोटं डावीकडं.

ह्यांनी ते मनावर घेतलं नाही. पाचव्या गोळीला श्वास सुटतो कधी कधी. पुढच्या शुक्रवारी सगळ्या गोळ्या सोन्याच्या काट्यावर तोलून घेतल्या, दारू चिमटीनं मोजली. चार एका भोकात, पाचवी तीन बोटं डावीकडं. मी दुर्बिणीतून सांगितलं तेव्हा ह्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं म्हणजे मी बसले होते त्या जागेकडं.

भाद्रपदात माझे बाजूला बसायचे चार दिवस शुक्रवारवर आले. ते दिवस मी माळवदावरच्या खोलीत काढत असे. तिथून मळा दिसतो. इरप्पानं सवयीनं दोन्ही चटया अंथरल्या होत्या, दुर्बीणही मांडली होती. पहिला आवाज झाला. ह्यांनी मान डावीकडं वळवली. ओठ हलले. मग उत्तराला लागतो तेवढा वेळ थांबले, मान हलवली आणि दुसरी गोळी भरली. असं पाच वेळा. पाचवीनंतर हे हसले, कुशीवर वळून, गडी माणूस आपल्या माणसाजवळ हसतो तसे. चटई रिकामी होती असं मी शपथेवर सांगितलं असतं, पण ऊन माझ्या डोळ्यांवर होतं.

इरप्पानं कागद माळवदाखाली आणून वर धरून दाखवला. पाच गोळ्या, भोक एकच, बोराएवढं.

मी देवाधर्माची बाई आहे, पण लगेच विश्वास टाकणारी नाही. मीही तपासलं. पुढच्या शुक्रवारी चटईवर बसले: पाचवी चार बोटं बाहेर. त्याच्या पुढच्या शुक्रवारी डोकं दुखतंय म्हणून घरात पडून राहिले: पाच एका भोकात. त्यानंतरच्या शुक्रवारी पुन्हा डोक्याचं निमित्त केलं, पण ह्यांना न सांगता चिंचेच्या खोडाआड जाऊन उभी राहिले, चटईपासून साठ पावलांवर. पाचवी एक बोट डावीकडं गेली. वारा नव्हता. चिंचेचं पान हलत नव्हतं.

ह्यांनीही तपासलं असणार. पितृपंधरवड्यात एका दुपारी जेवून उठताना म्हणाले, "शुक्रवारी तू घरात ऱ्हात जा."

"कामून?"

"तू बसलीस की मला नेम लागंना."

"मग भोकं कोण बघंल?"

हे हात धुवत होते. तांब्या रिकामा केला. मग म्हणाले, "बघायलंय की."

कोण, ते मला कळलं. पानाच्या कडेला काढलेला घास मी गाईला घातला. टाक हातात घेऊन मी अगदी हळू म्हणाले, अक्का, तीन वर्षं तुला माझ्याआधी जेवू घातलं. कुंकू तुला, पदर तुला, चौऱ्याण्णव कागद तुझे. एक चटई मला राहू दे. टाकाच्या डोळ्यांत सकाळचं कुंकू वाळून बसलं होतं.

खंडेनवमी त्या वर्षी शुक्रवारी आली. आदल्या दिवशी, गुरुवारी, मी परसातली चूल पेटवली.

मोठी कढई बाजूला ठेवली. लहान पळीत पंधरा गोळ्यांपुरतं शिसं घेतलं: पाच तपासायला, दहा शर्यतीला. जाळ नेहमीपेक्षा जास्त लावला. मग गळ्यातला दोरा काढला, टाक सोडवला आणि पळीत टाकला.

तो बुडाला नाही. शिसं चांदीहून जड. टाक वर तरंगत राहिला, उताणा, तोंड माझ्याकडं. मला वाटलं होतं चटकन संपेल. तसं झालं नाही. आधी पायाखालची रेघ गेली. मग पदर. काठाकडून आत, सावकाश, मीठ पाण्यात जातं तशी ती शिशात जात होती. मी काडीनं ढवळलं. शेवटी दोन ठिपके राहिले आणि मग तेही दिसेनात.

मेणाचा खडा टाकला. जाळ झाला, मळ मात्र वर आला नाही.

गोळ्या नेहमीपेक्षा उजळ निघाल्या. गोणपाटावर पडताना चर्र झालं नाही. एक फरशीवर निसटली तर घुंगरासारखी वाजली.

रिकामा दोरा मी पुन्हा गळ्यात घालून पदराआड घेतला.

नवमीला सकाळी बंदुकीची पूजा झाली. दोन्ही नळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. हे मळ्यात गेले, आणि मी कुणी न बोलावता मागून गेले, चटईवर बसले, दुर्बिणीला डोळा लावला. हे आडवे झाले होते. माझ्याकडं एकदा बघितलं आणि पहिला चाप ओढला.

"कुठं लागली?"

"मधोमध."

दुसरी.

"कुठं?"

"नवं भोक न्हाई. त्याच्यातच."

तिसरी त्याच्यातच. चौथी त्याच्यातच. बांबूवरची चकती खाली-वर होत होती, जागा बदलत नव्हती.

पाचवीला माझ्या छातीत इतकं वाजत होतं की त्यानंच तो चाप सुटेल असं वाटलं. आवाज झाला. मी बघितलं. पुन्हा बघितलं.

"त्याच्यातच," मी म्हणाले.

हे कुशीवर वळले आणि हसले. माळवदावरून पाहिलं होतं तसेच. "आता उठू नगंस हितनं," म्हणाले. मला आनंद झाला. खोटं कामून सांगू. तीन वर्षांत मला तसा आनंद झाला नव्हता.

कागद ह्यांनी माझ्या हाती दिला. तो मी ट्रंकेत ठेवला, उपासाची भगर केली, वाती वळल्या. दिवेलागणीला तुळशीपुढं हात जोडले तेव्हा दिसलं, माझ्या डाव्या हाताचं बोट कुंकवानं लाल होतं. सकाळी कुंकू मी उजव्या हातानं लावलेलं. ट्रंक उघडली. वरच्याच कागदावर, भोकाशेजारी, तिरकं बोट उमटलेलं होतं. पंच्याण्णव.

पुसायला गेले, आणि पुसलं नाही. छान दिसत होतं.

दोन दिवसांनी इरप्पानं बांधातलं शिसं खणून, चाळून आणलं. ते नेहमीच आणायचा. पुढच्या वेळी तेच वितळवायचं. चपट्या झालेल्या गोळ्या त्यानं मोठ्या कढईत ओतल्या, आधीच्या शिशात मिसळल्या. मी नको म्हणायच्या आत ओतल्या. मग कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "वैनीसाब, कढई चुलीवर ठेवू काय?"

धाकट्या म्हणाला नाही. मी वाट बघितली. त्याच्या ध्यानात आलेलं दिसलं नाही.

ह्यांचं बोलणं वाढलं. जेवताना बोलत, पान खाताना बोलत. शर्यतीला निघायच्या आदल्या दुपारी नळी पुसत बसले होते, मी जवळ वाती वळत होते. बंदूक देऊन गेलेल्या त्या साहेबाची आठवण निघाली. हे म्हणाले, "आपल्या वसरीतच बसून त्यानं पेटी उघडली. त्याच्या टोपीत, बघ, काय होतं..."

"नीळकंठाचं पीस," मी म्हणाले. "आणि पेटी उघडली तवा आतून पाल निघाली. तुमी केवढं दचकलात."

"व्हय," हे हसले. "तूच मारलीस ती."

वात अर्धी वळून झाली होती. मी ती पुरी केली. तिच्यानंतरची हातात घेतली तेव्हा मला आठवलं की त्या साली मी करजगीला होते.

हे गुलबर्ग्याला गेले ते तीन दिवस घर शांत होतं. मी सगळे नेम पाळले. टाक नव्हता, तरी तळहात पुढं धरून पाणी सोडत होते, रिकाम्या हाताला गंध लावत होते. पहिला घास काढायला पानावर हात जाई आणि तो तसाच माझ्या तोंडात येई. घासाला शिशाची चव होती. पहिल्या दिवशी. मग नाही. तिसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर आरशात बघितलं आणि कुंकू लावलं, फार वेळ न घालवता, आपल्याच कपाळाला लावतो तसं. मग लक्षात आलं की आज तळहात पुढं धरलाच नाही.

हे चौथ्या दिवशी दुपारी परतले. दहापैकी दहा एका भोकात. छातीवर चांदीचं मोठं पदक. इरप्पा वेशीपासून त्यांच्यासोबत चालत आला होता. हे वसरीत बसले, पदक काढून माझ्या हाती दिलं आणि म्हणाले, "आधी टाकाला लाव. मग ठेव."

मी उभी राहिले. पदर दोन्ही हातांनी धरला.

"काय झालं?"

मी दोरा बाहेर काढून दाखवला. त्यात काही नव्हतं. आता सगळं विचारतील, मी सगळं सांगीन, आणि त्या चटईवर मी पुन्हा कधी बसणार नाही, असं मला वाटलं. सांगायची तयारीही झाली. तीन वर्षांत मी ह्यांच्याशी खोटं बोलले नव्हते, डोकेदुखीचं एक सोडून.

हे रागावले नाहीत. दोरा बोटांवर घेऊन बघितला. "हरपला व्हय," म्हणाले. "मग कामून भ्यायलीस? दुसरा घडवू. हेच पदक मोडू."

गुरुशांतप्पा सोनार गावातलाच. त्याला बोलावणं गेलं, तो तासाभरात आला. पदक वाजवून बघितलं, चांदी चोख आहे म्हणाला. मग पोथीसारखी लांब वही काढली आणि विचारलं, टाक कुणाच्या नावानं घडवायचा.

हे पान लावत होते. मान वर केली नाही.

"सोजराबाईच्या," म्हणाले. "करजगीची. तीन दिवसांच्या तापानं गेली."

गुरुशांतप्पानं मान हलवली आणि लिहून घेतलं. दाराशी बसलेल्या इरप्पानं उपरण्यानं डोळे टिपले. "लई गुणाच्या हुत्या धाकट्या वैनी," तो म्हणाला. "आवाज कसा तो, ऐकू यायचा न्हाई."

सोजरा माझं नाव. करजगी माझं माहेर. मी त्या वसरीत खांबाला धरून उभी होते. मी बोलायला तोंड उघडलं.

"पदर डोक्यावरून दाखवा," मी म्हणाले. "तिचा पदर कधी डोक्यावरनं पडला न्हाई."

गुरुशांतप्पा म्हणाला, बरं वैनीसाब, तसा दाखवतो.

टाक आठ दिवसांत आला. सुबक झाला आहे. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. पुढं पोलीस अॅक्शनच्या साली बंदूक सरकारात जमा झाली, पेटीसकट, दोन्ही नळ्यांसकट. ट्रंक मात्र घरीच आहे. कागद किती ते मी आता मोजत नाही, सगळ्यांवर खूण आहे.

नेम मी चुकवलेला नाही. रोज आंघोळ झाली की टाक तळहातावर घेते, धुते, गंध लावते. कुंकू आधी सोजराला, मग मला. घास आधी सोजराला, मग मला. बिचारीचं काही मागणं नसतं. उजव्या हातानंच करते सगळं. डावा हात तेवढा वेळ पदरात बांधून ठेवते.